मानसशास्त्र शिकून मुलगी काय करणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मी मानसशास्त्रावर बोलावे हे तुम्हालाच काय, मलाही चमत्कारिक वाटते. पण गेल्या भिशीच्या दिवशी तिघीचौघींनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्या मुलीने बी. ए. ला मानसशास्त्र घेतले, आता पुढे काय?" चिटणीसबाई म्हणाल्या, एकदा सर्वांनाच सांगून टाका. म्हणून उभी राहिले आहे.

विषयाचे नाव ऐकल्याबरोबर आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "पागल लोकाइचं शास्त्र शिकून पोट्टी काय कमावन बाप्पा?" मीही मनातून त्यांच्याच बाजूची असते, पण त्याआधी माझ्या माहेरी एक गोष्ट घडून गेली होती.

माहेर माझे दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. 2017 साली गुलाबी बोंडअळीने कपाशी गेली, ते तुम्हाला आठवत असेल. माझा धाकटा भाऊ त्यानंतर बोलेनासा झाला. जेवणावर वासना नाही, रात्र रात्र ओट्यावर बसून राहायचा. भावजयीने फवारणीचे औषध गुपचूप शेजारच्या घरी नेऊन ठेवले. एवढे कळत होते, पण करायचे काय हे कळत नव्हते. आम्ही नजर काढली, एका देवऋष्याकडे दोन वाऱ्या केल्या, पैसेही घालवले. ते सांगायला आज लाज वाटते.

मग एक दिवस आशाताई वही घेऊन घरी आल्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून राज्य सरकारने 2015 साली प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात आपले अमरावती आणि अकोला दोन्ही जिल्हे होते. त्यांनी झोप कशी आहे, भूक कशी आहे, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का, असे सरळच विचारले आणि इर्विनला पाठवले. तेथे डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. नंतर एक बाई त्याला घेऊन पाऊण तास खोलीत बसल्या. मी बाहेर बाकावर होते. भाऊ बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, चहा घेतं काय?" दीड महिन्यात आपणहून बोललेले हे त्याचे पहिले वाक्य. पुढे सहा-सात खेपा घालाव्या लागल्या, गोळ्याही चालल्या. आज तो शेती करतो आहे.

त्या बाई मानसशास्त्र शिकलेल्या होत्या. मी धीर करून त्यांना विचारले आणि तेव्हापासून विचारतेच आहे. ते सांगते.

पहिली गोष्ट, गोळ्या देणारे मनोविकारतज्ज्ञ वेगळे. ते आधी एम. बी. बी. एस. होतात. मानसशास्त्र शिकलेली व्यक्ती गोळ्या देत नाही. ती बोलून, ऐकून, चाचण्या घेऊन काम करते. दुसरी गोष्ट आपण आया विसरतो. नुसती बी. ए. म्हणजे सरकी काढलेला कापूस, सूत अजून कातायचे आहे. पुढे एम. ए. हवेच. दवाखान्यात रोग्यांवर उपचार करणारी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे, तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले शिक्षण आणि तिच्याकडे नोंदणी लागते. 1992 चा कायदाच आहे तसा. त्या जागा थोड्या, प्रवेश कठीण. बोर्ड लावून बसले की झाले, असे नाही.

पण दवाखाना हेच एक दार नाही. सी. बी. एस. ई. च्या शाळांना समुपदेशक नेमावा लागतो. नेट-सेट झाली तर प्राध्यापकी आहे. कारखान्यांत माणसे निवडायचे काम आहे. सैन्यात अधिकारी निवडतानासुद्धा मानसशास्त्राच्या चाचण्या घेतात. व्यसनमुक्तीचे काम आहे. पुण्याचे मुक्तांगण 1986 पासून ते करते आहे. कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, मात्र तेथे बहुधा समाजकार्याची पदवी मागतात, तेव्हा जाहिरात नीट वाचावी. 2022 साली सरकारने टेलिमानस सुरू केले. 14416 हा नंबर फिरवला की रात्रीबेरात्रीही फुकट बोलता येते. हा नंबर प्रत्येकीने घरात लिहून ठेवावा. त्या फोनवरही शिकलेली माणसे बसवावी लागतात. सरकारी कामात पुष्कळ जागा कंत्राटी असतात आणि पगार फार नसतो, हेही सांगितले पाहिजे.

आणि काम नाही म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. आपल्याच अमरावती जिल्ह्यात 30 गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्या माणसांना शिकवून तयार केले, वर तज्ज्ञ ठेवले. आरंभी नैराश्य असलेल्या शंभरांतल्या जेमतेम 4 जणांनी कोणाची मदत घेतली होती. दीड वर्षाने हा आकडा 27 झाला. 2017 साली हे 'लॅन्सेट सायकिॲट्री' या विलायती मासिकात छापून आले. मुलीने मला वाचून दाखवले, तेव्हा मी लगेच विचारले, "मग उरलेल्या 73 जणांचे काय?" ती म्हणाली, "आई, तेच तर!"

आता आमच्या घरचे सांगते, कारण तुम्ही विचारणारच. मुलीची बी. ए. यंदा झाली. अकोल्याहून एक चांगले स्थळ आले आहे. माणसे सरळ आहेत, पण त्यांचे म्हणणे, आता शिक्षण पुरे. हे म्हणतात, दोन वर्षे थांबलो तर असे घर पुन्हा मिळेल का? त्यांची काळजी खोटी नाही. मी रात्रभर विचार केला. शेवटी मुलाच्या आईला फोन लावून माझ्या भावाची सगळी हकिगत सांगितली. आपल्या घरात असे झाले होते हे सोयरिकीच्या आधीच सांगू नये, असे सर्व जण म्हणत होते. तरी सांगितली आणि विचारले, "विहीणबाई म्हणू की नको ते तुम्ही ठरवा, पण तिची एम. ए. होईपर्यंत थांबता का?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुमचा भाऊ आता बरा आहे ना?" मी म्हटले, बरा आहे. त्यांनी घरी विचारून कळवते म्हणून फोन ठेवला. त्याला आज नऊ दिवस झाले. एम. ए. चा अर्ज मात्र मी काल भरायला लावला आहे.