वाचायला वेळ कुठून आणावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वर्धापनदिन. गेल्या आठवड्यात चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पुस्तके वाचता, तेव्हा वाचनावर दोन शब्द तुम्हीच बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चुलीपुढे बसून मी तासन् तास बोलेन. पण अशी सभेत उभी राहून बोलायची मला सवय नाही. तरी मी नाही म्हटले नाही. त्याला एक कारण आहे. ते मी शेवटी सांगणार आहे. तोवर माझे बोलणे गोड करून घ्यावे.

वाचनाचे नाव काढले की आपल्या किन्हीराजात बायांचे एकच उत्तर येते, "वाचाले येळ कुठी हाये वो माय?" हे उत्तर खोटे नाही. पहाटे उठावे, झाडलोट, पाणी, सैपाक, पोरांची शाळा. आठ वाजले की ज्यांना वावरात जायचे त्या वावरात जातात. निंदण झाले की सोयाबीनची सोंगणी, सोंगणी झाली की पऱ्हाटीचा कापूस, मग तूर. घरी राहिलेल्या बाईचेही हात रिकामे नसतात. उन्हाळा लागला की पापड, कुरड्या, सरगुंडे. दिवस संपतो, काम संपत नाही. तेव्हा वाचत नाही म्हणून आपल्याला कोणी नावे ठेवू नयेत. मीही ठेवणार नाही. पण ज्यांना आपल्याइतकाच, किंबहुना आपल्याहूनही कमी वेळ होता, अशा एका माणसाची दिनचर्या मी तुम्हांला सांगणार आहे. तुम्ही सर्वजणी त्यांना ओळखता. ते म्हणजे साने गुरुजी.

'श्यामची आई' पुष्कळजणींनी वाचले असेल. निदान त्यातली गोष्ट पोरांच्या पुस्तकात पाहिली असेल. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पण ते पुस्तक लिहिण्याच्या आधी गुरुजी सहा वर्षे एका शाळेत नोकरी करीत होते. त्या सहा वर्षांविषयी मला बोलायचे आहे.

गुरुजींचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. जन्म कोकणातल्या पालगड गावी, २४ डिसेंबर १८९९ चा. घराणे खोतांचे, पण वडिलांच्या काळात गरिबी आली. शिक्षणासाठी हा मुलगा दापोलीला राहिला, पुढे औंध संस्थानात गेला आणि तिथे हाताने करून खाऊन शिकला, मग पुण्याला आला. १९१७ साली आई वारली. आईच्या शेवटच्या दिवसांत आपण जवळ नव्हतो, हे दुःख त्यांनी जन्मभर बाळगले. अशा हालांतूनही ते बी. ए. झाले आणि पुढे एम. ए. करण्यासाठी खानदेशात अमळनेरला आले. आपल्याकडून जायचे तर अकोल्याला गाडीत बसावे, भुसावळ, जळगाव करीत सुरतेच्या रस्त्याने जावे, म्हणजे अमळनेर लागते. तेथे प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर नावाची संस्था काढली होती. मोठमोठे ग्रंथ वाचावेत, विचार करावा, असे ते शांत ठिकाण. पुस्तकांवर जीव असणाऱ्या माणसाने तिथून हलूही नये.

पण गुरुजी तिथे रमले नाहीत. १९२४ साली ते गावातल्या हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे ती शाळा प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. शाळेला जोडून मुलांचे वसतिगृह होते, त्याला छात्रालय म्हणत. त्याचेही काम त्यांच्याकडे आले. खेड्यापाड्यांतली मुले तिथे राहत. आता भगिनींनो, घरात दोन पोरे असली तरी आपला जीव कसा मेटाकुटीला येतो, ते आपण जाणतो. इथे तर छात्रालय भरून मुले!

मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. कोणाचे अंथरूण तसेच पडलेले, कोणाचे कपडे मळलेले. गुरुजी रागावले नाहीत, दंड केला नाही. मुले शाळेत गेली की स्वतः खोल्या झाडून काढीत, अंथरुणे घडी करून ठेवीत, मळलेले कपडे धुऊन टाकीत. एखादा मुलगा आजारी पडला तर उशापायथ्याशी बसून त्याची सेवा करीत. पुढे मुलांनाच लाज वाटू लागली आणि ती आपापल्या खोल्या नीट ठेवू लागली. एम. ए. झालेला माणूस, पण हातात केरसुणी घेताना त्याला कमीपणा वाटला नाही. आपण जे काम रोज करतो आणि ज्याला कोणी काम म्हणत नाही, तेच काम गुरुजी करीत होते.

आणि एवढे करून वाचन? तेही चालूच होते. वाचलेले मुलांपर्यंत जावे म्हणून त्यांनी छात्रालयाचे एक दैनिक काढले. छापखान्यातले नव्हे, हाताने लिहिलेले. मुले झोपली की, किंवा पहाटे ती उठण्याच्या आधी, ते लिहीत बसत आणि सकाळी तो कागद मुलांसाठी लावून ठेवीत. मुले उठून तो वाचायला जमत. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिक सुरू केले. म्हणजे शाळेत शिकवायचे, छात्रालयात मुलांची आई व्हायचे, आणि मुले निजली की पुस्तक व लेखणी हाती घ्यायची, असा त्यांचा दिवस.

मी जेव्हा हे वाचले तेव्हा माझ्या मनात आले, या माणसाला वेळ कुठून मिळत असेल? पुष्कळ विचार केल्यावर मला असे वाटले की, त्यांना वेळ मिळत नव्हताच. ते मुलांसाठी वाचीत म्हणून त्यांचे वाचन कामातच मिसळून गेले होते. आपण कणकेत मीठ घालतो तसे. मिठासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. मग तुरुंग. पण तुरुंगातही तीच तऱ्हा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर प्रवचन देत. गुरुजी ते उतरून घेत. त्यांनी ते लिहिले म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या हाती आहे, आणि कितीतरी भाषांत ती गेली आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. पाच दिवसांत लिहिली खरी, पण मला वाटते तिच्यामागे सारे आयुष्य होते. रोज पोरांचे केस विंचरणाऱ्याला, पोरांशी कसे बोलावे हे शिकवावे लागत नाही.

आता गुरुजींच्या आणखी एका पुस्तकाविषयी सांगते, कारण ते आपलेच आहे. त्याचे नाव 'स्त्री जीवन'. त्यात बायकांच्या ओव्या आहेत. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा बायांच्या तोंडच्या ओव्या त्यांनी जमविल्या आणि आदराने छापल्या. आई, भाऊ, माहेर, लेकरू, देव, शेत, असा बाईचा सगळा संसार त्यात आहे. एवढे ग्रंथ वाचलेला माणूस आपल्या आजी-पणजीपुढे पाटी घेऊन बसला, हे मला फार मोठे वाटते. त्यांना कळले होते की, जिला वाचता येत नाही तिच्याजवळही पुस्तक असते. ते फक्त कागदावर नसते.

माझी आजी पहाटे जात्यावर बसे. दळता दळता गात असे. तिला कोणी विचारले असते की, "गायला वेळ कुठून काढता?" तर ती हसली असती. दळण चालू आहे म्हणूनच गाणे चालू होते. पुढे गावात चक्की आली. फार चांगले झाले; आजीच्या हातांचे घट्टे मी पाहिले आहेत, मला काही ते जाते परत नको. पण जाते गेले, त्याबरोबर ओवी गेली. दळणाची ती घटका वाचली, ती कुठे गेली? थोडी दुसऱ्या कामांनी खाल्ली, थोडी दूरदर्शन संचाने, आणि राहिलेली आता या हातातल्या मोबाइलने. कामाच्या घटकेत मनाला काही खाऊ द्यायची आपल्या बायांची जुनी रीत होती. ती रीत तेवढी आपण हरवून बसलो.

भगिनींनो, आता ते कारण सांगते, ज्यासाठी मी आज उभी राहिले.

आपल्या मंडळाचे एक पुस्तकांचे कपाट आहे. पहिल्या वर्षी आपण हौसेने पुस्तके जमविली. मग एक पुस्तक हळदीचे डाग पडून परत आले. एकाची पाने फाटली. एक परत आलेच नाही. तेव्हा सभेत एक बाई उठली आणि म्हणाली, "अशाने सगळी पुस्तके जातील, कपाटाला कुलूप लावा." सर्वांनी मान डोलावली. ती बाई मीच. आणि किल्ली ठेवायला माझ्याच घरी दिली.

त्यानंतर त्या कपाटातली पुस्तके कोणी वाचली? ज्या घरी किल्ली, त्या घरच्या बाईने. तुम्ही मला वाचणारी बाई म्हणता, चिटणीसबाईंनी त्याच नावाने मला इथे उभे केले. पण मी वाचणारी झाले ती तुमची पुस्तके कुलपात ठेवून. आपल्या शेजारची एक सून, दहावी झालेली, पुस्तक मागायला आली होती. मी म्हटले, "सभेत विचारून सांगते." दुसऱ्यांदा आली. मी म्हटले, "नोंदीची वही सापडत नाही." तिसऱ्यांदा ती आली नाही. तेव्हा मला काही वाटले नाही. पण गुरुजींनी मुलांच्या खोल्या झाडल्याचे वाचले आणि मला रात्री झोप आली नाही. त्यांनी मळलेल्या खोल्यांना कुलूप लावले नव्हते. त्यांनी केरसुणी घेतली होती.

हळदीचा डाग पडला म्हणजे काय झाले होते? कोणी एक बाई भाजी करता करता वाचीत होती. तिला वेळ सापडला होता! तिचे कौतुक करायचे सोडून मी कुलूप लावले. ती सून आज इथे आहे. तिची मी सर्वांसमोर क्षमा मागते.

१९४७ च्या मे महिन्यात गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केले, तेव्हा विठ्ठलाचे मंदिर हरिजन बांधवांना, म्हणजे ज्यांना आपण आज दलित म्हणतो त्यांना, खुले झाले. एवढ्या मोठ्या दाराची गोष्ट कुठे आणि आपल्या लहानशा कपाटाची कुठे! पण गुरुजींचे नाव घ्यायचे आणि किल्ली कनवटीला ठेवायची, हे मला आता जमत नाही. ही पाहा किल्ली. ही मी अध्यक्षीणबाईंच्या हाती देत आहे. त्यांनी ती मंडळाच्या खोलीतल्या खिळ्याला, सर्वांच्या हाताला येईल अशी टांगावी, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती अशी. फाटलेली पुस्तके घेऊन दर शनिवारी दुपारी मी इथे बसेन. कणकेची खळ घरून आणीन. जुन्या दिनदर्शिकेची पाने तुम्ही आणा, त्यांची वेष्टणे घालू. डाग पडला, पान निघाले, तर कोणी लाजू नये, आणून द्यावे. दंड नाही, बोलणे नाही.

आणि तिसरी. पापडाला, सरगुंड्यांना आपण दहाजणी एकत्र बसतो. गहू निसायला बसतो. त्यातल्या एकीने हात धुऊन पुस्तक उघडावे आणि मोठ्याने वाचावे. तिच्या वाटचे पापड बाकीच्या लाटतील. श्रावणात पोथी ऐकायची आपली रीत आहेच. एक वाचते, सगळ्या ऐकतात, आणि जिला अक्षर येत नाही तिचाही वाटा सारखाच असतो. तीच रीत बारा महिने चालू ठेवावी. आणि ज्या म्हाताऱ्या बायांना ओव्या येतात, त्यांच्याजवळ एखाद्या मुलीने वही घेऊन बसावे. त्या ओव्या गेल्या तर कोणत्याच दुकानात विकत मिळणार नाहीत.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि संमेलनाच्या नगरीला साने गुरुजींचे नाव दिले. मोठ्या लोकांनी मोठा मान केला. आपल्याला संमेलन भरविता येणार नाही. पण पापडाच्या घाण्याशेजारी एक पुस्तक उघडे ठेवता येईल. गुरुजींना तो मान कमी वाटला नसता, असे माझे मन सांगते.

माझे बोलणे संपले. चुकलेमाकले पदरात घ्यावे. येत्या शनिवारी दुपारी खळ घेऊन मी वाट पाहीन. नमस्कार.