आजीबाई आणि अंड्याचं पुडिंग



11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. तो पदवीदान समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या होत्या. आनंदीबाईंनी हिंदू धर्म सोडला नव्हता. रमाबाईंनी अडीच वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला होता. कौतुकाला त्याची आडकाठी आली नाही.

रमाबाईंचं बिनसलं होतं ते आपल्याच धर्मातल्या माणसांशी.

इंग्लंडमधल्या वॉन्टेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. माया खरी आणि भांडणंही खरी. रमाबाई शाकाहारी, अंडं घातलेलं पुडिंगही त्यांना चालत नसे. आजीबाईंना त्यात जातीचा ताठा दिसला. क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नकोत, असं रमाबाईंनी विचारलं, त्रैक्यावरही शंका काढल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं, हे बिशपांना पसंत पडलं नाही, त्यावरून आणखी एक वाद. चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील मात्र त्यांच्या शंका शांतपणे ऐकून घेत. शंका काढणारी बाई उद्धटच असते, असं त्यांनी गृहीत धरलं नाही.

आजचंच उदाहरण घ्या. पुणे जिल्ह्यातल्या पिरंगुटसारख्या कारखान्यांच्या गावात रात्रपाळी उरकून थेट भक्तीला आलेला माणूस शेवटच्या बाकावर पेंगणारच. त्याला श्रद्धा नाही, असं ठरवायला नव्या पाळकाला अर्धं मिनिट पुरतं. पुडिंगचंही तेच झालं. ताटात उरलेल्या घासावरून आत्म्याची परीक्षा! देवाच्या कृपेवर तासभर बोलणं त्यामानाने सोपं. पण म्हणून चूक दिसूच नये, असं नाही. दानपेटीच्या हिशोबात घोळ असेल तर त्याचा जाब विचारलाच पाहिजे. तिथे डोळेझाक केली तर पैसे देणाऱ्या गरिबावर अन्याय होतो.

रमाबाई पुढे याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, केडगावला, राहिल्या. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना तिथे आणलं. समाजाने ‘पतित’ म्हणून वाळीत टाकलेल्या स्त्रियांसाठी वेगळं घर काढलं, त्याचं नाव ‘कृपासदन’. ज्यांच्यावर शिक्का बसला होता, त्यांच्या दारावर ‘कृपा’ हा शब्द लागला. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये नुसतं जेवू घालून भागवलं जात नसे. बायका विणकाम शिकत, छापखाना चालवत. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापलं गेलं.

आणि वॉन्टेजचं काय? भांडणानंतरही रमाबाईंनी लेकीला, मनोरमेला, शिकायला तिथेच पाठवलं. आजीबाईंनी तो सगळा पत्रव्यवहार जपून ठेवला, नीट लावला. स्वतःची कडक, टोचणारी पत्रंही त्यातून गाळली नाहीत. ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली तो 1977 साली मुंबईत पुस्तकरूपाने छापला गेला. पानोपानी खडाजंगी आहे, आणि पत्रांच्या मायन्यात ‘आजीबाई’.