दुसऱ्याच्या मतदारसंघातून



मॉन्ट्रियलमधल्या या मराठी परिषदेत स्वागत समितीतर्फे मी आपले मनापासून स्वागत करतो. स्वागताध्यक्षाने गावाचे माहात्म्य सांगावे, ही आपली जुनी रीत. मी पेशाने वकील. तेव्हा इथल्याच एका वकिलाबद्दल बोलतो.

लुई-इपोलित लाफोंतेन जवळच्याच बुशरव्हिलला १८०७ साली सुताराच्या घरी जन्मले. ब्रिटिश सत्तेविरुद्धचा १८३७चा सशस्त्र उठाव त्यांना मान्य नव्हता, तरी पुढच्या वर्षी खटल्याविनाच तुरुंगात गेले. मग ब्रिटिशांनी कॅनडाचे फ्रेंच आणि इंग्रजी असे दोन्ही प्रांत एकत्र केले आणि विधिमंडळाच्या दप्तराची भाषा इंग्रजी ठरवली. १८४१ साली लाफोंतेन तेरबोनमधून निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा गव्हर्नरने मतदानाची जागा आडबाजूच्या इंग्रजी वस्तीत नेली. तिथे विरोधकांचे सशस्त्र लोक दबा धरून होते. रक्तपात नको म्हणून लाफोंतेन यांनी माघार घेतली.

आणि इथे रॉबर्ट बाल्डविन पुढे आले. टोरोंटोचे हे वकील दोन जागांवर निवडून आले होते. त्यांनी यॉर्कची जागा लाफोंतेन यांना देऊ केली, आणि तिथल्या इंग्रजी मतदारांनी या फ्रेंच कॅथलिकाला निवडून दिले! पुढे बाल्डविन हरले, तेव्हा फ्रेंच रिमुस्की मतदारसंघाने १८४३ साली त्याची परतफेड केली. १८४२मध्ये किंग्स्टनच्या सभागृहात इंग्रजीत बोला म्हटल्यावर लाफोंतेन हट्टाने फ्रेंचमध्येच बोलले, ते भाषण सगळे आठवतात. मला मात्र यॉर्कची निवडणूक त्याहून मोठी वाटते. भाषणाने मान राखला. सत्ता या मैत्रीने मिळवली.

१८४८ साली दोघांचे मंत्रिमंडळ आले, गव्हर्नरच्या मर्जीवर नव्हे तर सभागृहातल्या बहुमतावर चालणारे. पुढच्या जानेवारीत गव्हर्नर लॉर्ड एल्गिन यांनी अभिभाषण फ्रेंचमध्येही वाचले. पण उठावातल्या नुकसानभरपाईच्या कायद्यावर त्यांनी सही करताच, २५ एप्रिल १८४९च्या रात्री, इंग्रजी जमावाने मॉन्ट्रियलमधली संसद जाळली. ग्रंथालयही खाक झाले. लाफोंतेन यांच्या घरावर हल्ले झाले, कायदा मात्र टिकला. (तीनच आठवड्यांनी याच शहरात एल्गिन यांना मुलगा झाला. टिळकांवर १८९७चा राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा व्हाइसरॉय होता तो हाच.)

लाफोंतेन पुढे सरन्यायाधीश झाले, १८६४ साली वारले.

जळालेल्या संसदेची जागा जुन्या मॉन्ट्रियलमध्ये, प्लास द्यूव्हिलला आहे. उद्या दुपारी सत्र नाही. जेवण आटोपून तेवढे पाहून या.