क्लाइड रिव्हरला मिळालेलं उत्तर

कॅनडाच्या अगदी उत्तरेला, बॅफिन बेटावर क्लाइड रिव्हर हे इन्युइट लोकांचं छोटंसं गाव आहे. सील, नारव्हाल, देवमासा यांच्या शिकारीवर तिथली चूल पेटते. जवळच्या समुद्रात तेल शोधण्यासाठी पाच वर्षं भूकंपलहरींच्या चाचण्या करायला राष्ट्रीय ऊर्जा मंडळाने २०१४ साली परवानगी दिली. या चाचणीत जहाजामागून हवेच्या तोफा ओढत नेतात आणि पाण्याखाली प्रचंड आवाज काढतात.

परवानगीआधी झालेल्या बैठकीत गावकऱ्यांनी साधं विचारलं, या आवाजाने प्राण्यांचं काय होईल? तिथे उत्तर मिळालं नाही. पुढे आलं ते जवळजवळ चार हजार पानांचं, बहुतेक इंग्रजीत आणि इंटरनेटवर. तिथलं इंटरनेट इतकं मंद आणि महाग, की अनेकांना ती कागदपत्रं उतरवून घेताच आली नाहीत. इनुक्टिटुट भाषेत आली फार थोडी पानं. याला विचारविनिमय म्हणायचं तरी कसं?

कॅनडाच्या १९८२च्या संविधान कायद्यातलं कलम ३५ मूलनिवासींच्या हक्कांना संरक्षण देतं. त्या हक्कांना बाधा येणार असेल, तर आधी त्या समाजाशी बोलणं सरकारला बंधनकारक आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हैडा या मूलनिवासी समाजाच्या खटल्यात सांगितलं होतं. २६ जुलै २०१७ रोजी याच न्यायालयाने क्लाइड रिव्हरजवळच्या चाचण्यांची परवानगी एकमताने रद्द केली. बोलणी मंडळामार्फत झाली तरी अंतिम जबाबदारी सरकारचीच, हे त्यात स्पष्ट झालं.

आधी बोलणी होण्याचा हा हक्क म्हणजे नकाराधिकार मात्र नव्हे. त्याच दिवशी एका पाइपलाइनच्या खटल्यात ऑन्टारिओतला चिपेवा हा मूलनिवासी समाज हरला. तिथे तोंडी सुनावणी झाली होती, सहभागासाठी पैसेही मिळाले होते. क्लाइड रिव्हरला यातलं काहीच मिळालं नव्हतं.