कागदावर शाईचा फवारा

फवाऱ्याची शाई म्हणजे छोट्या पंपाच्या बाटलीतून कागदावर उडवायची पातळ रंगीत शाई. भेटकार्डे आणि स्क्रॅपबुक, म्हणजे सजवलेला फोटोंचा आल्बम, यांसाठी ती वापरतात.

पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई कागदात मुरते आणि उठून दिसते. पण पाणी लागले की बहुधा पुन्हा पसरते, उन्हात फिकटते. रंगकणांची शाई पृष्ठभागावर बसते आणि जास्त टिकते. तिचे कण तळाशी साचतात, म्हणून बाटली दर वेळी हलवावी लागते. अभ्रकाची चमक असलेल्या शाईला तर हे चुकवून चालतच नाही.

शाळेत टूथब्रश आणि कंगव्याने पोस्टर रंग उडवतात, ते याचेच स्वस्त रूप. शिकायला खरे तर तेच बरे. खान्देशात, म्हणजे जळगाव-धुळ्याकडे, आकृती उमटवायला साचा विकत घ्यावा लागत नाही. कडुनिंबाची डहाळी किंवा शेवग्याचा पाला कागदावर दाबून फवारले आणि अलगद उचलले, की पांढरी आकृती उरते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्याचा किंवा कानबाई देवीच्या उत्सवाचा फोटो अशा पानावर शोभतो.

कागद जाड, 200 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला 200 ग्रॅम) आसपासचा घ्यावा. बाटली वीतभर लांब धरावी. जवळून मोठे थेंब पडतात. खान्देशातल्या कडक उन्हाळ्यात शाई झटकन वाळते, तशी नोझलही तुंबते. काम संपताच तिच्यातून साधे पाणी फवारावे. फोटो मात्र पान पूर्ण वाळल्यावरच चिकटवावा. फोटोवर लागलेला शाईचा डाग सहसा निघत नाही.