चांदीची भांडी आणि पाच छायाचित्रे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'घरातील जुन्या वस्तू' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी सुचवले. माझे माहेर नाशिकचे. तेथील सराफ बाजारात माझ्या आजोबांचे चांदीच्या भांड्यांचे दुकान होते. तेव्हा आज ताटे-तांबे पाहायला मिळतील, अशी आपली अपेक्षा असेल. टेबलावर मात्र मी पाच छायाचित्रे मांडली आहेत आणि त्यांच्याशेजारी एकच वाटी.

पहिले छायाचित्र भरभराटीच्या दिवसांतले आहे. आजोबा पगडी घालून खुर्चीवर बसलेले. समोर तबक, पंचपाळे, अत्तरदाणी, गुलाबदाणी. दुकानातला उत्तम माल मुद्दाम मांडलेला. मागे उभी असलेली आजी अंगभर दागिन्यांनी मढलेली: नथ, मोहनमाळ, बाजूबंद, हातांत गोठ, पाटल्या, तोडे. काका तिच्या कडेवर आहेत.

पुढे दुकान आणि मागे कारखाना, अशी आमच्या वाड्याची रचना होती. मुंबईहून चांदी येई, शिवाय गिऱ्हाइकाची मोड असे. ती मुशीत वितळवायची, ठोकून पत्रा करायचा, पत्र्याचे भांडे घडवायचे, मग आत राळ भरून वरून नक्षी उठवायची. राळेमुळे नाजूक भांडे ठोक्याने चेपत नाही. उष्टावणाची वाटी, अधिक महिन्यात जावयाला द्यायचे ताट, हळदीकुंकवाचा करंडा, प्रत्येक प्रसंगाला आपले भांडे ठरलेले. शेवटी त्यावर नाव घालायचे. ही वाटी पाहा. हिच्यावर माझ्या आईचे नाव आहे आणि 'उष्टावण' असा शब्द आहे.

आता दुसरे छायाचित्र पाहा. हे काकांच्या मुंजीतले. कडेवरचे मूल आता बटू झाले आहे. आजोबांची पगडी तीच, खुर्ची तीच. आजीच्या हातांत मात्र नुसत्या काचेच्या बांगड्या आहेत. भगिनींनो, मुलाच्या मुंजीत घरची यजमानीण सोन्यावाचून उभी राहील का?

या दोन छायाचित्रांच्या मध्ये मोठी मंदी येऊन गेली. १९२९ नंतर जगभर भाव कोसळले. चांदीचाही भाव उतरला, त्यामुळे कपाटातला माल घेतलेल्या किमतीलाही विकेना. शेतमालाला भाव नाही, मग शेतकरी लग्नातसुद्धा भांडे कुठून घेणार? १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णमान सोडले आणि सोने मात्र चढले. देशभरच्या बायकांचे दागिने तेव्हा बाजारात आले आणि आटवलेले सोने बोटींनी विलायतेला गेले. पुस्तकांत याला सोन्याची निर्यात म्हणतात. निर्यात झालेल्या त्या सोन्यात आमच्या आजीच्या पाटल्याही होत्या.

आमच्या घरी मात्र नेहमी सांगितले जाई की, मंदीत दुकान तगले ते आजोबांच्या धोरणामुळे. एकदा मी आजीलाच विचारले. ती एवढेच म्हणाली, "कारागिरांच्या चुली पेटायला हव्या होत्या. ते दुसरीकडे गेले असते तर नुसत्या हातोड्या घेऊन काय करायचे होते?" पुढे तिने हा विषय काढला नाही. ते दागिने पुन्हा पूर्वीसारखे झाले नाहीत.

१९६९ साली गोदावरीला मोठा पूर आला आणि सराफ बाजारात पाणी शिरले. चांदीची भांडी गाळातून काढली, रिठ्याच्या पाण्याने धुतली, ती पूर्वीसारखी लखलखली. छायाचित्रांची पेटी खालच्या फडताळात होती. जुन्या छायाचित्रातले काळे-पांढरे रूपही चांदीचेच असते, पण ती चांदी सरसाच्या पातळ थरात बसवलेली असते. तो थर भिजला की फुगतो आणि वाळताना शेजारच्या कागदाला घट्ट चिकटतो. गठ्ठा तसाच उन्हात वाळला. त्यातून हाती आली ती ही पाच.

तिसरे आणि चौथे घरच्या लग्नांतले आहे, त्यांतली माणसे ओळखता येतात. पाचवे कारखान्यातले आहे. ऐरणीभोवती सहा कारागीर बसले आहेत आणि दाराशी एक बाई राळेचे भांडे घेऊन उभी आहे. या सातांपैकी एकाचेही नाव आज कोणाला सांगता येत नाही. मागची बाजू कोरी आहे. त्यांच्याच हातांनी गावच्या लेकीसुनांची नावे भांड्यांवर घातली गेली, पण त्यांचे नाव घालणारे कोणी निघाले नाही.

म्हणून आपल्या मंडळाला माझी एक विनंती आहे. पुढच्या महिन्याच्या सभेला प्रत्येकीने घरचे एक जुने छायाचित्र आणावे. मागे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावे लिहू. शाईने नको, ती झिरपते. घरात सांगणारे वडीलधारे माणूस असेल, तर आजच विचारा. यजमानांचे नाव बहुतेक सगळ्यांना ठाऊक असते. मागे उभ्या असलेल्या बाईचे आणि दाराशी थांबलेल्या गड्याचे नाव आधी विचारा.