पेशीच्या आतली जमा-नावे

आम्ही पंचवटीतल्या बचत गटाच्या बायका. मागच्या वेळी पापडाच्या पिठावर बोललो होतो. आजचा विषय प्रयोगशाळेतला आहे, पण सुरुवात आपल्याच घरातून करू.

संकष्टीचा दिवस होता. आमच्या गटातल्या एक ताई मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात. त्यांनी उपास धरला आणि सकाळी सुई मात्र रोजच्याएवढीच टोचली. संध्याकाळी बैठकीत हप्ते मोजताना त्यांचे हात थरथरायला लागले, घाम फुटला, बोलणं असंबद्ध झालं. आम्हाला वाटलं, उपासाने चक्कर आली असेल. त्यांच्या सुनेने मात्र ओळखलं आणि लगेच साखरेचं पाणी पाजलं. चंद्रोदयापर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, यावर त्या रात्री कुणीच काही बोललं नाही.

मग प्रश्न पडला, उपास आपण बाकीच्यांनीही केला होता, आपल्याला असं का झालं नाही? कारण आपलं स्वादुपिंड आधी मोजतं आणि मग देतं. रक्तात साखर वाढली की इन्सुलिन सोडतं, उतरली की हात आखडतं. सुई काही बघत नाही, दिलं तेवढं काम करून मोकळी होते.

या मोजून-देण्याला इंजिनिअर लोक फीडबॅक म्हणतात. न्हाणीघरातला नळ आठवा. पाणी गार लागलं म्हणून आपण गरम नळ सोडतो, गरम पाणी यायला वेळ लागतो, तोवर आपण आणखी सोडतो, आणि मग पाठ भाजते. उशीर आणि घाई, दोन्ही एकत्र आले की गडबड होते. यंत्रांमध्ये हे कसं टाळायचं त्याचं एक वेगळं शास्त्रच आहे. आता तेच शास्त्र जंतूंच्या पेशीत वापरायला लागले आहेत.

ताईंच्या बाटलीतलं इन्सुलिनही जंतूंनीच बनवलेलं असतं. पूर्वी ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. मग माणसाच्या इन्सुलिनचा जनुक जंतूत घालायची युक्ती सापडली आणि १९८२ साली अमेरिकेत असं इन्सुलिन औषध म्हणून मंजूर झालं. आपल्या महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादेत, वोक्हार्टने यीस्टकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन २००३ साली बाजारात आणलं. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारे जंतू असतात ना, त्यांच्याच जातकुळीतले. मोठ्या टाक्यांत ते वाढवतात. टाकीचं तापमान, आंबटपणा, प्राणवायू यांवर सतत नजर ठेवावी लागते. इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही आणि उन्हाळ्यात उतू जातं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण तिथे नजर ठेवणारं यंत्र टाकीला जोडलेलं असतं. ही राखण पेशीच्या आतच बसवता येईल का? २००० साली अमेरिकेत दोघांनी ई. कोलाय या जंतूत तीन जनुकं अशी जोडली की पहिलं दुसऱ्याला दाबतं, दुसरं तिसऱ्याला आणि तिसरं पुन्हा पहिल्याला. जंतू काजव्यासारखे उजळू-विझू लागले. पण सगळ्यांचा ताल एक नव्हता, काही भरकटले. आमच्या फुगडीसारखंच म्हणा!

पुढची गोष्ट आम्हाला फार आवडली, कारण ती आमच्या वहीतलीच आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या तंत्रविद्यापीठात मुस्तफा खम्माश नावाचे प्राध्यापक आहेत. मुळात ते विद्युत शाखेचे. त्यांच्या चमूने २०१९ साली जंतूत दोन रेणू असे बसवले की ते भेटले की एकमेकांना निकामी करतात. एक जमा, एक नावे. बरोबरी झाली की उरतं शून्य, नाही झाली तर थकबाकी साठत जाते, आणि ती जोवर फिटत नाही तोवर पेशी आपलं काम कमी-जास्त करत राहते. एखादीचा हप्ता चुकला की आम्ही वहीत पुढे ओढतो आणि फिटेपर्यंत विचारतो, तसंच.

त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या गटाने साखर मोजून स्वतःच इन्सुलिन सोडणाऱ्या पेशी घडवल्या आणि २०१६ मध्ये त्या उंदरांत चालून दाखवल्या. हे अजून प्रयोगात आहे बरं का. कुणी अशा नावाने घरी येऊन औषध विकू लागलं तर दारातूनच परत पाठवा.

तोवर राखण आपल्यालाच करायची आहे. गटाने वर्गणी काढून साखर मोजायचं यंत्र घेतलंय. उपासाच्या दिवशी किती टोचायचं, हे ताई आधी डॉक्टरांना विचारतात. पर्समध्ये साखरेची पुडी असते. माणूस शुद्धीवर असेल तरच तोंडाने साखर द्यायची, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा, हे आम्ही सगळ्यांनी पाठ केलंय.

पुढच्या संकष्टीला ताई बैठकीला आल्या आणि आधी बोट पुढे केलं. आकडा पाहिला, हप्त्याच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिला, आणि चंद्र उगवायच्या आधीच शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. सासूबाईंना काय सांगायचं, ते त्यांचं त्या बघणार होत्या.